पिकअप खरंच किती देते? ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवरचं ॲव्हरेज आणि इंजिनाचं माप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भ्याच्या मार्केटमधून घोडबंदर रोडच्या दुकानांपर्यंत माल पोचवणं हा आमचा धंदा. गाड्या तीन, तिन्हींची इंजिनं वेगळ्या मापाची, आणि प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर डिझेल-किलोमीटरच्या हिशेबाची एक शंभर पानी वही. गाडी घ्यायला निघालेला माणूस आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारतो, टायरला बुटाने टोचतो आणि विचारतो, "किती देते?" कुठे, कशी आणि किती भरून, हे त्याला उलट न विचारता जो आकडा सांगतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नका. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं.

ते सगळं ठीक आहे, पण आधी एक ढोबळ आकडा तर सांगा.

बरं. आमच्या वह्या आणि नाक्यावरच्या ड्रायव्हरांचं बोलणं एकत्र केलं, तर माल भरून ठाण्या-वाशीच्या ट्रॅफिकमध्ये 700 ते 900 सीसीची दोन सिलिंडरची डिझेल गाडी लिटरला 15 ते 19 किलोमीटर देते. छोटा हत्ती, म्हणजे 2005 मध्ये आलेली 702 सीसीची टाटा एस, आणि 798 सीसीची इंट्रा व्ही10 या गटातल्या. दीड लिटरच्या आसपासची, म्हणजे 1478 सीसीची दोस्त किंवा 1496 सीसीची इंट्रा व्ही30, 12 ते 16. बोलेरो पिकअपसारखी 2523 सीसीची गाडी 9 ते 13. इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या डबल केबिनवाल्या शहरात 9 ते 12, मोकळ्या हायवेवर त्याहून थोडं वर.

प्रत्येक गटात खालच्या आणि वरच्या आकड्यात केवढं अंतर आहे बघा. उरलेले सगळे प्रश्न त्या अंतराचेच आहेत.

इंजिन लहान म्हणजे ॲव्हरेज जास्त, इतकं साधं गणित नाही का?

गाडी रिकामी किंवा हलकी असेल तोवर आहे. दोन माणसांच्या पोह्यांसाठी लग्नातलं पातेलं चुलीवर चढवलं, तर निम्मा गॅस पातेलं तापवण्यातच जातो. मोठ्या इंजिनाचं तसंच असतं. पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप, हे सगळं फिरवत ठेवायलाच काही डिझेल लागतं. हौद्यात चार क्रेट असोत की चाळीस, तो खर्च होतोच. म्हणून हलक्या मालाला मोठी गाडी परवडत नाही.

उलट बाजूचा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिली गाडी घेतली ती दोन सिलिंडरची, पेलोड, म्हणजे लादता येणारं वजन, 750 किलो. पहिले काही महिने भाजी आणि किराणा, ॲव्हरेज 18 च्या वर. मग एका टाइल्सवाल्याचं काम मिळालं. पेट्या मोजल्या, वजन मोजलं नाही. खरं तर मोजायचं नव्हतं. अकराशे-बाराशे किलो असेल. ऐन जुलैत गायमुखच्या चढाला गाडी दुसऱ्यावरून पहिल्यावर आली, पुढची गाडी थांबली म्हणून आम्हीही थांबलो, आणि परत उचलताना अर्धा क्लच दाबून इंजिन ओरडतंय, गाडी मात्र मागे सरकतेय. हेल्परने पावसात उतरून चाकामागे दगड घातला. केबिनमध्ये क्लचप्लेट जळल्याचा जो वास भरला, तो ताडपत्रीच्या वासाबरोबर आठवडाभर गेला नाही. त्या महिन्याची वही काढली तर ॲव्हरेज 11. अडीच लिटरची गाडी तोच माल घेऊन तेवढंच देते, आणि तिची क्लचप्लेट शाबूत राहते.

म्हणजे लहान इंजिन त्याच्या कुवतीत असेल तर काटकसरी. कुवतीबाहेर नेलं की कायम खालच्या गिअरमध्ये, चढ्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) फिरतं आणि मोठ्याइतकंच पितं. ओव्हरलोड सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर दर जादा टनाला 2,000. एवढ्यात किती डिझेल येतं ते तुम्हीच बघा.

माझा रोजचा माल 1200 किलो, तुर्भे ते कासारवडवली. कुठलं इंजिन स्वस्त पडेल?

असा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण त्याला आपलं वजन माहीत असतं. एका बाजूने साधारण 30 किलोमीटर धरू, ठाणे-बेलापूर रोडने दिघा, कळवा, मग माजिवडा. जाऊन-येऊन 60.

750 किलोच्या छोट्या गाडीला दोन खेपा, म्हणजे 120 किलोमीटर. लिटरला 17 धरले तर 7 लिटर. अडीच लिटरच्या मोठ्या गाडीला एकच खेप, साडेअकराने 5.2 लिटर. दीड लिटरवाली 1300 किलोच्या पेलोडची असेल तर तीही एकाच खेपेत, साडेचौदाने 4.1 लिटर. म्हणजे जिचं ॲव्हरेज ऐकायला सगळ्यात गोड, तीच सगळ्यात महाग पडली. दुसऱ्या खेपेत कळव्याला अडकून ड्रायव्हरचा अर्धा दिवस गेला तो वेगळाच.

आता माल 500 किलो करा. छोटी 18 ने 3.3 लिटर, मोठी 13 ने 4.6. डिझेल 90 रुपये धरलं, तर रोजचे एकशे पंधराच्या आसपास रुपये आणि महिन्याच्या 26 दिवसांचे तीन हजार तुम्ही मोकळी जागा फिरवायला घालवताय.

म्हणून आम्ही किलोमीटरला लिटर बघणं सोडलं. वहीत शेवटचा रकाना आहे 'खेपेला लिटर', आणि त्याच्या शेजारी किलो.

कंपनीने सांगितलेला आकडा रस्त्यावर का मिळत नाही?

कारण ती चाचणी रस्त्यावर होतच नाही. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात-कमी करतात. सगळा खेळ सुमारे वीस मिनिटांचा, वेग 90 च्या वर जात नाही, आणि रोलरवर वजन धरतात ते जवळपास रिकाम्या गाडीचं. त्यात साकेत पूल नाही, पावसातले खड्डे नाहीत, मेट्रोच्या कामामुळे तुंबलेला घोडबंदर रोड नाही. कंपनी खोटं बोलते असं नाही. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो आकडा चांगला. महिन्याचा डिझेलचा खर्च त्यावर बेतू नका.

ट्रॅफिकमध्ये नेमकं किती जातं? नुसतं 'खूप' म्हणू नका.

हिशेब करू. माल धरून गाडीचं वजन 3 टन. ती थांबलेली आहे आणि 40 च्या वेगाला न्यायची आहे. तेवढी गती द्यायला 185 किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल असतात, पण धरून चाला, चाकापर्यंत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पोचतात. म्हणजे दर वेळी गाडी उचलायला 17-18 मिलिलिटर, साधारण दोन झाकणं खोकल्याचं औषध. मग ब्रेक मारला की ती सगळी ऊर्जा ड्रम तापवण्यात गेली.

कापूरबावडी ते कासारवडवली पन्नास वेळा थांबलात तर जवळजवळ एक लिटर नुसतं गाडी उचलण्यात गेलं. गाडी रिकामी असेल तर निम्म्यावर. इथे इंजिनाच्या मापाला फारसं महत्त्व नाही, वजनाला आहे. म्हणून आमच्याकडे भरलेली गाडी पहाटे पाचच्या आत तुर्भ्यातून निघते आणि रिकामी परत येताना खुशाल ट्रॅफिकमध्ये अडकते. याने जेवढं डिझेल वाचलं तेवढं कुठल्याही ॲडिटिव्हच्या बाटलीने वाचलेलं मी पाहिलेलं नाही.

दाणा मार्केटमध्ये नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. त्याने काय फरक पडतो?

इथे माप बोलतं. गरम झालेलं डिझेल इंजिन उभ्या उभ्या ढोबळमानाने दर लिटर क्षमतेमागे तासाला पाव लिटरच्या पुढेमागे पितं. म्हणजे 702 सीसीचं इंजिन पाव लिटरहून कमी, अडीच लिटरचं साठ-पासष्ट पॉइंट, म्हणजे 0.60-0.65 लिटर. रोज दोन तास अशी उभी राहिली तर मोठ्या गाडीचे महिन्याला 30 लिटरच्या वर जातात, एक मीटरही न हलता. एसी लावला तर आणखी. हमाल येईपर्यंत चावी फिरवा. बॅटरी धड नाही म्हणून इंजिन बंद करत नाही, असं ड्रायव्हर म्हणत असेल तर बॅटरी बदला, ती या डिझेलमध्ये निघते.

चढावर किती जादा लागतं?

3 टनांची गाडी 100 मीटर उंच नेली तर पाव लिटरच्या जरा वर. मुंब्रा बायपास किंवा गायमुख रोजच्या वाटेवर असेल तर हे धरून चाला. चढाला मोठं इंजिन वरच्या गिअरमध्ये आरामात जातं, छोटं ओढून ताणून.

मग उतारावर न्यूट्रल करून वाचवतो. बरोबर ना?

चूक, आणि धोक्याचंही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीला गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. चाकं इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला जिवंत राहायला परत डिझेल लागतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर शिकलेले मामा लोक हे ऐकत नाहीत. त्यांना वाद घालून पटत नाही, म्हणून मी वही पुढे करतो.

हायवेला मोठं इंजिन चांगलं, असं म्हणतात.

चांगलं म्हणजे आरामात. डिझेल वाचतंच असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 60 वरून 80 ला गेलात की तो पावणेदोन पटीहून अधिक होतो. पिकअपचं तोंड चपटं, मागे केबिनहून उंच रचलेला माल, त्यावर फडफडणारी ताडपत्री. पनवेल-तळोज्याकडे जाताना छोट्या गाडीला 80 ला धरून ठेवलं तर इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि तिची सगळी काटकसर वाऱ्यावर जाते. मोठ्या इंजिनाला तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो, म्हणून दोघींतलं अंतर हायवेला कमी होतं. पण दोघींनाही 55-60 च मानवतो. ताडपत्रीची दोरी ताणून बांधा, माल केबिनच्या उंचीपर्यंतच रचा.

ॲव्हरेज मोजायचं कसं? माझं दर वेळी वेगळं येतं.

कारण तुम्ही पाचशेचं डिझेल टाकून काट्याकडे बघता. तसं होत नाही.

एकच पंप धरा, शक्यतो एकच मशीन, आणि गाडी त्याच जागी उभी करा. पंपाची फरशी एका बाजूला उतरती असते आणि टाकी तिरपी राहिली की लिटर-दीड लिटर सहज मागेपुढे होतं. पहिला ऑटोकट वाजला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं, की थांबा. इथेच पोरगा विचारतो, "शेठ, राउंड फिगर करू?" नाही म्हणा. तो नोझल अर्धवट वर उचलून थेंब थेंब सोडत राहतो, फेस वर येतो, बसतो, परत सोडतो, आणि 2463 चे 2500 करताना तुमची मोजणी बिघडवतो. गेल्या खेपेला तुम्ही पहिल्या कटला थांबला होतात, आज गळ्यापर्यंत भरलं. आता भागाकार कशाचा करणार?

टाकी भरली की किलोमीटर वहीत लिहा. मग निदान 400-500 किलोमीटर चालवा. परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा, जेवढे लिटर बसले त्यांनी किलोमीटरला भागा. 10 लिटरवर मोजलं आणि 1 लिटर इकडेतिकडे झालं तर चूक 10 टक्के. 40 लिटरवर तीच चूक अडीच टक्के. असं सलग तीन वेळा करा आणि तिन्हींची बेरीज करून भागा.

डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचा आकडा बघायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा तो मालकाला खूश करणारा असतो. आणि टायरचं माप बदललं असेल तर किलोमीटरच चुकीचे पडतात, हे लक्षात असू द्या.

सीएनजी 'किलोला 22 देते' म्हणतात. डिझेलच्या 18 पेक्षा चांगलीच की!

किलो आणि लिटर यांची तुलना म्हणजे पायलीने दूध मोजणं. एका किलो सीएनजीत सुमारे 1.3 लिटर डिझेलएवढी ऊर्जा असते, त्यामुळे किलोचा आकडा मोठा दिसणारच. तुलना रुपयांत करा: एका खेपेला गॅसचे किती, डिझेलचे किती. शहरातल्या हलक्या मालाला, ज्यांचा धंदा महानगर गॅसच्या पंपांच्या पट्ट्यात आहे त्यांना सीएनजी बहुतेक परवडतेच. पण सिलिंडरचं वजन पेलोडमधून वजा होतं, चढाला दम कमी, आणि पंपावरची रांग. रांगेत गेलेला पाऊण तास कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो. उन्हाळ्यात भर दुपारी भरलात तर गॅस गरम, प्रेशर 200 बारला लवकर पोचतं आणि बसतो कमी. आमच्याकडे नाही, पण शेजारच्या गाळ्यात दोन आहेत आणि तो सुखी आहे.

पेट्रोल पिकअपचं ॲव्हरेज अलीकडे घसरलंय का?

थोडं घसरणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. डिझेलवाल्यांनी यात पडू नये.

सीसी कमी पण ताकद जास्त, हे कसं काय?

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि इंजेक्शनचं प्रेशर. व्ही-क्रॉस आधी 2499 सीसीच्या इंजिनाने यायची, 134 हॉर्सपॉवरच्या आसपास. नंतर 1898 सीसीचं इंजिन आलं, आणि ते 160 च्या वर. लिटरभर नाही तरी अर्ध्या लिटरहून जास्त माप घटलं आणि ताकद वाढली. तेव्हा नुसती सीसी विचारू नका, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, किती आणि किती फेऱ्यांना मिळतो ते विचारा. माल उचलणाऱ्याला 1500 फेऱ्यांना मिळणारा टॉर्क हवा. 3500 ला मिळणारी हॉर्सपॉवर ब्रोशरला शोभते.

अमेरिकेतल्या व्हिडिओत पिकअप '20' देते म्हणतात, तीही पाच लिटरच्या इंजिनाला!

ते मैल आणि गॅलन आहेत. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा. त्यांच्या आकड्याला 0.425 ने गुणा: 20 म्हणजे आपले साडेआठ. ब्रिटिश गॅलन वेगळा, 4.546 लिटरचा, तिथे 0.354 ने गुणा. तिकडेही आपलाच वाद चालतो. फोर्ड एफ-150 मध्ये 2.7 लिटरचं टर्बो घ्यावं की 5 लिटरचं आठ सिलिंडरचं? रिकामी असताना छोटं जिंकतं. मागे जड ट्रेलर लावला की टर्बो पेट्रोल मागतं आणि अंतर जवळजवळ मिटतं. आमच्या टाइल्सचीच गोष्ट, फक्त डॉलरमध्ये.

परवापर्यंत 12 देत होती, अचानक 10 वर आली. इंजिनाचं काम निघालं का?

इंजिन उघडण्याआधी चाकं तपासून बघा. लांब न थांबता चालवून उतरलात की चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, पण न लावता, कारण जिचा ब्रेक धरलेला असेल ती भाजेल. आमच्या मधल्या गाडीचा मागचा डावा ब्रेक असा पंधरा दिवस धरून राहिला होता आणि आम्ही इंजेक्टर साफ करून बसलो. मग टायरची हवा, मालाच्या वजनाप्रमाणे. मग एअर फिल्टर: भिवंडीच्या गोदामांकडची धूळ खाल्लेला फिल्टर झटकला की पिठाच्या गिरणीसारखा ढग उठतो. बीएस-6 गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल आणि सगळ्या खेपा तीन-चार किलोमीटरच्या असतील, तर काजळी जाळायला गाडी जादा डिझेल टाकते आणि काम अर्धवट राहतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न थांबता चालवा.

हे सगळं ठीक निघालं तर ड्रायव्हर बदललाय का ते आठवा. त्याच गाडीवर, त्याच मालावर दोन ड्रायव्हरांत लिटरला दीड-दोन किलोमीटरचा फरक आम्ही पाहिलाय. आमच्याकडे महिन्याच्या सरासरीहून वर जेवढं डिझेल वाचेल, त्याचे निम्मे पैसे ड्रायव्हरचे. तेव्हापासून वह्या न सांगता भरल्या जातात.

जुनी पिकअप घेतोय. मालक म्हणतो 15 देते. तपासू कशी?

त्याला म्हणा, टाकी मी भरतो. पहिल्या कटपर्यंत भरा, त्याच्याच गाडीने वजनकाट्यावर जा, तुमचा नेहमीचा माल घाला आणि पावती घ्या. मग तुमच्या रोजच्या वाटेने एक पूर्ण फेरी, परतीच्या रिकाम्या खेपेसकट, आणि परत त्याच पंपावर. 60 किलोमीटरची एक फेरी मोजायला लहानच, चूक बरीच राहते, पण 15 आणि 10 यांतला फरक तेवढ्यात कळतो. चालवायला त्याला देऊ नका, मालक विकताना फार हळू चालवतो. आणि सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या खणात जुनी वही सापडते का बघा. पंपाच्या पावत्या लावलेली, ड्रायव्हरच्या वाकड्या अक्षरातली वही असेल, तर गाडीचे हजार-दोन हजार जास्त द्यायला मी तयार असतो.